‘मीडियाला मुलाखत कशी द्यावी’: जळगावची एक दिवसाची कार्यशाळा, अडीच हजार वसूल झाले का?

आधीच सांगते, संस्थेचं आणि हॉलचं नाव लिहीत नाहीये, कारण शेवटी जे झालं त्यावर बोलायचंय आणि मला भांडण नकोय. स्टार विचाराल तर ५ पैकी ३, त्यातले अडीच एकट्या एका माणसाचे.

मी गेले का, तर आमचा रावेर तालुक्यात केळीच्या खोडापासून धागा काढायचा छोटा धंदा आहे, एक मशीन, सात बायका, पिशव्या, टोपल्या, चटया. मागच्या वर्षी एक पत्रकार भाऊ आले, चहा झाला, पाऊण तास मी एकटीच बोलले, गट कसा सुरू झाला, बँकेने किती फेऱ्या मारायला लावल्या, सासूबाई काय म्हणाल्या, सगळं. आणि छापून काय आलं तर ‘केळीच्या सालीपासून धागा’. सालीपासून! सकाळी सात वाजता पहिला फोन वेफर्सवाल्याचा, ‘ताई आमच्याकडे रोज चार पोती सालटं निघतात, काय भाव घ्याल?’ आठवडाभर हेच. त्या पत्रकारावर मी जाम चिडले होते, कार्यशाळेत कळलं की निम्मी चूक माझी.

सकाळचं सेशन सोडून द्या. कोणीतरी टाय लावून आलेले सर, माध्यमांचं महत्त्व, बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ ला दर्पण काढलं वगैरे, हे आम्ही शाळेत ६ जानेवारीच्या भाषणात ऐकलेलंच. शिवाय ‘शुद्ध बोला, बोलीभाषेचा टोन काढून टाका’ असा सल्ला. चोपड्याचे एक काका होते, अहिराणीत कविता करतात, त्यांनी विचारलं की मग मी टीव्हीवर माझी कविता मराठीत भाषांतर करून म्हणू का, तर सरांना उत्तर सुचेना. ज्या जिल्ह्यातल्या विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाईंचं नाव दिलं तिथे बसून हे शिकवायचं, कमाल आहे.

जेवण मात्र एक नंबर, वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्याची भाजी, तूप हात सैल सोडून. पण बट्टी खाऊन दुपारी कोण जागं राहतं, मागच्या दोन लायनी सरळ झोपल्या होत्या.

आणि मग दुपारी आले ते रिटायर्ड उपसंपादक. साधा बुशशर्ट, हातात कापडी पिशवी, लॅपटॉप वगैरे काही नाही. एकेकाला समोर खुर्चीवर बसवायचे, मोबाईल स्टँडला लावून रेकॉर्ड करायचे आणि मग तेच सगळ्यांना स्क्रीनवर दाखवायचे. स्वतःला असं बघणं म्हणजे शिक्षाच हो, मी चार मिनिटांत अकरा वेळा ‘म्हणजे काय की’ म्हणलं, मोजून दाखवले त्यांनी.

माझं संपल्यावर म्हणाले, ताई यात हेडिंग कुठंय? मी गप्प. मग त्यांनीच प्रश्न विचारत विचारत माझ्याकडून काढून घेतलं, की केळीचं खोड एकदाच घड देतं, घड कापला की ते तोडून टाकायचं, शेतकऱ्याला ते उचलायलाच उलट मजुरी लागते, आणि त्याच कचऱ्यातून आम्ही धागा काढतो. म्हणाले बस, हे आधी बोला, सासूबाई नंतर. पाऊण तास बोललात तर त्यातलं काय घ्यायचं ते तो ठरवणार, रात्री घाईत ठरवणार, आणि खोडाची साल होणार. तीनच गोष्टी ठरवून जा, त्याच फिरून फिरून सांगा, आणि चुकायची शक्यता असलेला शब्द कागदावर लिहून हातात द्या. छापायच्या आधी दाखवा असं म्हणू नका, बहुतेक जण दाखवत नाहीत आणि वर राग येतो, त्यापेक्षा नावं, आकडे, स्पेलिंग तिथल्या तिथे परत वाचून घ्या. आणि ‘हे छापू नका’ हे बोलायच्या आधी ठरवायचं असतं, बोलून झाल्यावर म्हणलं तर त्याच्यावर बंधन नाही. हे तर मला माहीतच नव्हतं, मी बँकेच्या साहेबांबद्दल काय काय बोलले होते त्या दिवशी, नशीब छापलं नाही.

मग त्यांनी अचानक विचारलं, बायकांना रोज किती देता?

मी म्हणलं, चांगलं देतो. परत विचारलं, चांगलं म्हणजे किती? मी म्हणलं कामावर असतं ते, तसं काही फिक्स नाही, सगळ्या घरच्यासारख्याच आहेत. नंतर व्हिडिओत बघितलं तर माझी नजर सरळ खाली पायाशी, पदर ओढून ओढून बोलतेय. सर इतकंच म्हणाले की आकडा सांगा, नाहीतर आज सांगणार नाही म्हणा, पण ‘चांगलं देतो’ आणि ‘घरच्यासारख्या’ म्हणू नका, ऐकणाऱ्याला लगेच कळतं. घरी येताना रेल्वेत तेच डोक्यात होतं, सावदा कधी गेलं कळलं नाही.

बारीकसारीक टिप्सही कामाच्या. प्रेसनोट पीडीएफ किंवा फोटो काढून पाठवू नका, युनिकोडमध्ये टाइप करून पाठवा म्हणजे त्यांना परत टाइप करावं लागत नाही. फोटो व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नुसता पाठवला की दाबला जातो आणि छापल्यावर चेहरा ओळखू येत नाही. संध्याकाळी पानं लावायच्या वेळी फोन करू नका. टीव्हीला बारीक चौकड्याचं कापड नको, पडद्यावर मुंग्या आल्यासारखं दिसतं. कॅमेऱ्याकडे न बघता विचारणाऱ्याकडे बघायचं आणि उत्तरात प्रश्न घेऊन बोलायचं, कारण एडिटिंगमध्ये प्रश्न कापतात, मग नुसतं ‘हो, तीन वर्षं’ राहिलं तर कशाची तीन वर्षं?

आता तक्रार. याच सरांनी आम्हाला पेड न्यूज, म्हणजे पैसे घेऊन बातमीसारखी छापलेली जाहिरात, काय असते ते समजावलं, २००९ च्या निवडणुकांनंतर प्रेस कौन्सिलने त्यावर अहवाल केला तेही सांगितलं, आणि बरोबर पाच वाजता आयोजकांनी स्टेजवर येऊन पॅकेजचा कागद वाटला! ३५ हजारांत तीन पेपरला ‘यशोगाथा’, दोन यूट्यूब चॅनलवर मुलाखत, वर सन्मानचिन्ह. सही आजच केली तर पाच हजार सूट. सर पिशवी उचलून निघाले होते, मी जिन्यात गाठून विचारलं घेऊ का, तर म्हणाले जाहिरात करायची तर जाहिरात म्हणून करा, तीस हजारात आणखी एक बाई कामावर ठेवा काही महिने. आयोजकांचे मात्र पंधरा दिवस रोज दोन फोन, शेवटी नंबर ब्लॉक केला. सर्टिफिकेटवर माझ्या आडनावाची वेलांटीपण चुकलेली, मीडिया ट्रेनिंगवाल्यांकडून!

जायचं का? दुपारचे ते सर असतील तर जा, आधी फोन करून विचारा, आणि सकाळी उशिरा पोचलात तरी काही बिघडत नाही.

गेल्या महिन्यात आकाशवाणी जळगावला रेकॉर्डिंगचा योग आला. बांगड्या काढून पर्समध्ये टाकल्या, माईकपाशी वाजतात म्हणून, तीन वाक्यं तळहातावर पेनाने लिहिली होती, मजुरीचा आकडा मी स्वतःहून सांगितला, आणि खोड खोड खोड इतक्यांदा म्हणलं की बाहेर आल्यावर मलाच हसू आलं. लागलं त्या दिवशी दुपारी परत त्याच वेफर्सवाल्याचा फोन. ‘ताई, ऐकलं बरं का रेडिओवर. खोडापासून करता होय. मग माझ्या सालटांचं काय करू ते तरी सांगा.’