क्रिस्परसाठी एनएचईजे की एचडीआर? प्रोजेक्ट ठरवण्याआधी हे वाचा

डिझर्टेशनला क्रिस्पर (जीनमध्ये ठरवून बदल करायचं तंत्र) घेतलं की पहिल्या महिन्यातच हा प्रश्न येतो. कॅस९ हे कात्रीसारखं एन्झाइम डीएनएचे दोन्ही धागे कापून देतं, पण तिथे त्याचं काम संपलं, जोडायचं काम पेशीचं आणि तिच्याकडे त्यासाठी एनएचईजे आणि एचडीआर असे दोन मुख्य रस्ते आहेत, तुमचा प्रयोग कोणत्या रस्त्यावर उभा आहे ते आधी ठरवा, गाईड (कॅस९ला कुठे कापायचं ते दाखवणारा आरएनए) नंतर मागवा.

एनएचईजे (नॉन-होमोलॉगस एंड जॉइनिंग) म्हणजे तुटलेली टोकं थेट एकमेकांना जोडणं. कू७० आणि कू८० ही प्रथिनांची जोडी अंगठीसारखी टोकावर चढते, मग डीएनए-पीकेसीएस येतं, टोकं खराब असतील तर आर्टेमिस ती छाटतं, आणि शेवटी एक्सआरसीसी४ला धरून आलेलं लायगेज ४ टाका घालतं. याला सगळे गचाळ म्हणतात आणि मला ते अजिबात पटत नाही. सरळ कापलेली टोकं हा रस्ता बऱ्याचदा अगदी बरोबर जोडतो, पण बरोबर जोडलं की कॅस९ला ती जागा पुन्हा ओळखता येते आणि ते पुन्हा कापतं, असं होत होत कधीतरी एखादा बेस गळतो किंवा जास्तीचा शिरतो, आणि तीच चूक टिकून राहते. आपल्या अँटीबॉडीचे जीन्ससुद्धा याच यंत्रणेने जोडले जातात.

एचडीआरचा (होमोलॉजी-डायरेक्टेड रिपेअर, म्हणजे जुळणारा क्रम बघून दुरुस्ती) मामला वेगळा. इथे एमआरएन कॉम्प्लेक्स आणि सीटीआयपी ही प्रथिनं एक धागा कुरतडून लांब शेपटी मोकळी करतात, तिच्यावर आधी आरपीए बसतं, मग बीआरसीए२ तिथे आरएडी५१ला बसवतं, आणि आरएडी५१ची ती माळ जुळणारा क्रम शोधत फिरते. एरवी तो क्रम जुळ्या क्रोमॅटिडवर (डीएनएची नक्कल झाल्यावर बनलेल्या जोडप्रतीवर) मिळतो, तुमच्या प्रयोगात तो तुम्ही दिलेल्या डोनरवर, म्हणजे हवा तो बदल घालून बनवलेल्या डीएनएच्या तुकड्यावर. पण हे सगळं एस आणि जी२ फेजमध्येच (डीएनएची नक्कल होताना आणि त्यानंतर विभागणीआधी), नक्कल होण्याआधीच्या जी१मध्ये ५३बीपी१ हे प्रथिन कुरतडूच देत नाही. म्हणजे पेशी विभागत नसतील तर डोनर कितीही चांगला असू दे, उपयोग जवळपास शून्य. माझ्या ओळखीच्या एका मुलीचे चार महिने यातच गेले, प्लेट भरगच्च होऊन पेशींची विभागणी थांबलेली असायची आणि ती त्याच पेशींना ट्रान्सफेक्ट करायची (त्यांच्यात डीएनए घालायची). कॅपॅन-१सारखी सेल लाइन असेल तर आणखी वाईट, तिच्यात बीआरसीए२च धड नाही.

मग निवडायचं काय? जीन बंद पाडायचा असेल तर डोळे झाकून एनएचईजे. ३च्या पटीत नसलेली कुठलीही चूक रीडिंग फ्रेम (तीन-तीन बेसचे गट वाचायची चौकट) सरकवते, गाईड आणि कॅस९ पुरतं, डोनर लागत नाही. ठरावीक बेसच बदलायचा किंवा जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) जोडायचा असेल तरच एचडीआर, आणि मग डोनर डिझाइन करा, पॅममध्ये (कॅस९ला कापायला लागणाऱ्या, जागेशेजारच्या छोट्या क्रमात) सायलेंट, म्हणजे प्रथिन न बदलणारा, बदल टाका नाहीतर दुरुस्त झालेली जागा पुन्हा कापली जाईल, एकेका पेशीपासून क्लोन वाढवा, डझनावारी क्लोन तपासा. सहा महिन्यांच्या प्रोजेक्टला हे झेपत नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि एचडीआरच हवं असं वाटलं तरी एकदा थांबून प्रश्न उलटा करून बघा. सिकलसेलचंच घ्या, आपल्या विदर्भात, नंदुरबारकडे किती घरांत आहे हा आजार. बीटा ग्लोबिनमध्ये जीएजीचा जीटीजी झाला एवढीच चूक, म्हणजे कुणीही म्हणेल हे एचडीआरचं काम. पण नोव्हेंबर २०२३मध्ये ब्रिटनने मान्यता दिलेलं कॅसजेव्ही हे क्रिस्परचं औषध त्या चुकीला हातच लावत नाही. रुग्णाच्या स्टेम सेल्स काढून त्यात गर्भातलं हिमोग्लोबिन बंद ठेवणाऱ्या बीसीएल११ए जीनचा एन्हान्सर (त्या जीनला चालना देणारा तुकडा) कापतात, एनएचईजे तो बिघडवून जोडतं, आणि गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा बनायला लागतं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा दिवसभर डोक्यातून गेलं नव्हतं.

एचडीआर वाढवायला डीएनए-पीकेसीएस दाबणारी औषधं टाकायचा सल्ला मिळेल, तर जपून. त्यातलंच एक एझेडडी७६४८ टाकल्यावर डीएनएचे मोठमोठे तुकडे गळतात असं २०२४मध्ये दिसलं, आणि छोट्या पीसीआरमध्ये ते कळतही नाही कारण प्रायमर बसायची जागाच गेलेली असते.

काहीही निवडा, सुरुवात मात्र सारखीच. नुसता गाईड आणि कॅस९ टाका, तीन दिवसांनी त्या जागेचं सँगर सिक्वेन्सिंग करा आणि ट्रेस (एकेका बेसच्या शिखरांचा आलेख) उघडा. कापायच्या जागेपर्यंत एकेक स्वच्छ शिखर आणि तिथून पुढे एकावर एक चढलेल्या शिखरांचा गुंता दिसला तर गाईड चालतोय. तो गुंता दिसल्याशिवाय डोनरची ऑर्डर देऊ नका.