शिसं नसलेली सोल्डर तार: एसएसी३०५ घ्यावी की ९९.३/०.७?

भोसरीत आमचं जॉबवर्कचं युनिट आहे. चार्जर, पंपाचे कंट्रोलर, एलईडी ड्रायव्हर यांची कार्डं (सर्किट बोर्ड) भरायची, सोल्डर करायची, टेस्ट करून पाठवायची. प्रॉडक्शन मी बघते आणि टेबलावर बसणाऱ्या बहुतेक बायकाच आहेत. आमच्याकडे लेड-फ्रीच्या दोन तारा चालतात. एक एसएसी३०५, म्हणजे ९६.५ टक्के कथील, ३ टक्के चांदी आणि ०.५ टक्के तांबं. दुसरी ९९.३/०.७, म्हणजे कथील आणि तांबं, वर नावाला निकेल. दोन्ही ०.८ मिमी, आत रोझिन फ्लक्स, म्हणजे सोल्डर नीट धरावं म्हणून भरलेली राळ. तुलना अर्थात जुन्या ६३/३७ शीच, म्हणजे ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं.

निकाल आधी सांगते. नव्या मालाला लेड-फ्रीच. उद्या सरकारने शिशावरच्या मर्यादेचा नियम मागे घेतला तरी मी नव्या मालाच्या टेबलावर शिसं परत आणणार नाही. पण लेड-फ्री म्हणजे फक्त रीळ बदललं की झालं, असं विकणाऱ्या दुकानदाराचं ऐकू नका.

६३/३७ वितळते १८३ अंशांना. एसएसी३०५ ला २१७ ते २२० लागतात, कथील-तांब्याला २२७. कागदावर हा फरक चाळीसेक अंशांचा, हाताला मात्र तो लगेच कळतो. ६३/३७ पॅडवर (कार्डावरच्या तांब्याच्या ठिपक्यावर) टेकवली की पसरते आणि बिट, म्हणजे आयर्नचं टोक, उचलल्याबरोबर एकदम गोठते. एसएसी३०५ क्षणभर घुटमळते, मग चढते. ग्राउंडचा मोठा तांब्याचा पट्टा असेल तर कथील-तांब्याची तार अक्षरशः अडून बसते. अशा वेळी नवशिका माणूस टेम्परेचर वाढवत सुटतो. तिथेच पॅड उचकटतात, फ्लक्स जळतो आणि बिट काळं पडून सोल्डर धरेनासं होतं. खरा उपाय म्हणजे जाड, चपटं बिट लावायचं आणि टेम्परेचर ३५० ते ३७० च्या आसपासच ठेवायचं. बाजारातलं साधं २५ वॅटचं आयर्न या कामाला पुरत नाही. टेम्परेचर कंट्रोलचं ६०-७० वॅटचं स्टेशन हवंच. लहान युनिटला खरा खर्च इथे येतो. शिवाय कथिलाचं प्रमाण जास्त असल्याने बिटावरचा लोखंडाचा थरही लवकर खाल्ला जातो. जेवणाच्या सुट्टीत स्टेशन बंद करायचं आणि बिटावर सोल्डरचा थेंब ठेवूनच उठायचं, हा आमच्याकडे नियम आहे.

दिसण्याचं काय? जुना जॉइंट आरशासारखा चमकतो. एसएसी३०५ चा थंड होताना धुरकट होतो, वर बारीक रेघा उमटतात. चमक नाही म्हणजे ड्राय सोल्डर (नीट न धरलेला जॉइंट), हे सगळ्यांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की तपासणीला चांगले जॉइंट बाजूला काढले जातात आणि पुन्हा गरम करून खराब होतात. आता भिंगाखाली आम्ही चमक बघतच नाही. सोल्डर पिनवर चढलंय का, पॅडशी कडा पातळ होत मिळते की गोळा होऊन बसलीये, थ्रू-होलमध्ये, म्हणजे पिन आरपार जाते त्या भोकात, खालून घातलेलं वर दिसतंय का, एवढंच बघतो. आयपीसी-ए-६१० हे तपासणीचं स्टँडर्डही मंद, दाणेदार पृष्ठभाग चालवून घेतं. निकेलवाली कथील-तांब्याची तार याबाबत उजवी. तिचा जॉइंट जुन्यासारखाच गुळगुळीत येतो आणि शिकाऊ मुलींचा त्यावर लवकर विश्वास बसतो.

किमतीत एसएसी३०५ मार खाते. अर्ध्या किलोच्या रिळात १५ ग्रॅम चांदी, म्हणजे दीड तोळा. चांदी चढली की रीळही चढतं. म्हणून बारीक एसएमडी (कार्डाच्या पृष्ठभागावरच बसणारे सुटे भाग) आणि निर्यातीच्या कार्डांना ती, आणि बाकी थ्रू-होलला कथील-तांब्याची.

आता नियमाबद्दल, कारण त्याच्याशिवाय ही तार आमच्याकडे आलीच नसती. युरोपचा आरओएचएस निर्देश, म्हणजे विजेच्या उपकरणांतल्या घातक पदार्थांवर मर्यादा घालणारा नियम, १ जुलै २००६ पासून लागू झाला. भारतात ई-कचऱ्याच्या नियमांतून हीच मर्यादा १ मे २०१४ पासून आली आणि २०२२ च्या नियमांत वस्तूंची यादी बरीच लांबली. शिसं ०.१ टक्क्याच्या आत, आणि तेही पूर्ण कार्डाच्या वजनाच्या नाही, प्रत्येक एकजिनसी पदार्थाच्या वजनाच्या. म्हणजे सोल्डरचा एक जॉइंट हाच हिशोबाला धरायचा. हे न समजल्यामुळे 'एवढ्या मोठ्या कार्डात चिमूटभर शिशाने काय होतंय' असं म्हणणारे मला अजून भेटतात. गणित करून बघा. २०० किलोच्या वेव्ह पॉटमध्ये, म्हणजे वितळलेल्या सोल्डरच्या भांड्यात, चुकून अर्धा किलो ६३/३७ गेली, तर १८५ ग्रॅम शिसं जातं आणि अख्खा पॉट हद्दीला टेकतो. म्हणून आमच्याकडे शिशाच्या आणि लेड-फ्रीच्या कामांची टेबलं, बिटं, स्पंज, सोल्डर ओढायचे पंप, डबे सगळं वेगळं आहे. लेड-फ्रीच्या टेबलांना हिरवी पट्टी.

विरोध करणाऱ्यांचा मुद्दा मी पूर्ण ऐकून घेते, कारण त्यात तथ्य आहे. जगातलं ऐंशी टक्क्यांहून जास्त शिसं बॅटऱ्यांत जातं, सोल्डरचा वाटा त्यापुढे किरकोळ. जास्त उष्णतेला वीज जास्त लागते, चांदी आणि कथील खणून काढायलाही पर्यावरणाची किंमत मोजावी लागते. आणि व्हिस्कर्स: शुद्ध कथिलाच्या मुलाम्यावर केसाहून बारीक तारा आपोआप उगवतात आणि शॉर्ट करतात. १९९८ साली गॅलेक्सी-४ उपग्रह निकामी झाला, तेव्हा बोट यांच्याकडेच दाखवलं गेलं. थोडं शिसं मिसळलं की त्या जवळपास थांबतात, हेही खरं. लष्करी आणि अंतराळातल्या उपकरणांना युरोपने या निर्देशाबाहेर ठेवलंय, ते मला योग्यच वाटतं.

पण बॅटरीतलं शिसं बऱ्याच प्रमाणात गोळा होऊन परत वितळवलं जातं. कार्डातलं होत नाही. ते मुरादाबादसारख्या ठिकाणी उघड्यावर जाळलं जातं, ॲसिडात बुडवलं जातं, आणि त्या धुरात, त्या राखेत माणसं बसलेली असतात. नियम झाला तो या शेवटच्या टप्प्यासाठी. पहिल्या टप्प्यावर आमच्या टेबलाशी बसणाऱ्या बाईचं नाव त्या चर्चेत कुणी घेत नाही, याचा मला राग आहे. दिवसभर तार दोन बोटांत. दोन्ही हात अडकले की तार दातात धरायची, ही सवय या धंद्यात मी सर्रास पाहिलीये. त्याच हातांनी डबा उघडायचा, घरी गेल्यावर पोराला उचलून घ्यायचं. शिसं हाडांत साठतं आणि गरोदरपणात तिथून सुटून बाळापर्यंत पोहोचतं. मला लेड-फ्रीचं पटलं ते इथे. तार कितीही महाग होऊ दे.

एक गैरसमज मात्र काढायलाच हवा. लेड-फ्री म्हणजे धूर निरुपद्रवी, असं नाही. सोल्डरिंगच्या तापमानाला शिशाची वाफ जवळपास होतच नाही. डोळ्यांना झोंबतो तो धूर फ्लक्समधल्या रोझिनचा, त्याने दमा जडू शकतो, आणि लेड-फ्रीत बिट जास्त तापत असल्याने धूरही जास्त होतो. तेव्हा लेड-फ्री रीळ घेतलं म्हणून धूर ओढणारा पंखा काढून ठेवू नका.

जुनी कार्डं दुरुस्त करणाऱ्यांना मी लेड-फ्री सुचवणार नाही. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा ॲम्प्लिफायर किंवा टीव्ही बहुधा शिशाच्या सोल्डरचाच असतो, त्याला ६३/३७ च लावा. दोन्हींची सरमिसळ झालेला जॉइंट कसा टिकेल, याचा भरवसा मी देणार नाही. घरी छंद म्हणून करणाऱ्यांनीही ६३/३७ वर शिकायला हरकत नाही, साबणाने हात धुवून आणि खाण्याच्या टेबलापासून लांब. ६०/४० मात्र नको, ती गोठताना हात हलला की जॉइंट बिघडतो.

खरेदीला पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेलात तर रिळावर नुसतं 'लेड-फ्री' छापलंय यावर जाऊ नका. मिश्रणाचं प्रमाण, फ्लक्सचा प्रकार आणि बॅच नंबर बघा, मोठी ऑर्डर असेल तर टेस्ट सर्टिफिकेट मागा. शिशाची तार तिथे आजही उघड मिळते, कारण नियम उपकरण बनवणाऱ्याला बांधतो, तार विकणाऱ्याला नाही. तार बनवणाऱ्यांकडे माझी एकच मागणी आहे: ६०/४० आणि ६३/३७ च्या प्रत्येक रिळावर 'यात शिसं आहे, तोंडात धरू नका, जेवणाआधी हात धुवा' एवढं मराठीत आणि हिंदीत ठळक छापा. इशाऱ्याची इंग्रजीतली बारीक ओळ आमच्या टेबलावर कुणी वाचत नाही.