स्लॅशर चौदा महिने वापरल्यावर: गवत झकास कापतो, पण गिअरबॉक्समधून ताक निघालं

मागच्या वर्षी गणपती झाले आणि मिनी ट्रॅक्टरला मागे लावायचा चार फुटी रोटरी स्लॅशर, म्हणजे फिरत्या पात्यांनी गवत कापणारं अवजार, घेतला. ट्रॅक्टर २४ एचपीचा. बाग देवगड तालुक्यात, सड्यावर म्हणजे कातळाच्या पठारावर, खारं वारं थेट अंगावर येईल अशी. हापूसची कलमं, कडेला थोडे काजू आणि पावसाळाभर कंबरेएवढं माजणारं गवत. मागच्या ऑक्टोबरात एक बेणणी (गवताची कापणी), फेब्रुवारीत आंबा उतरायच्या आधी वरवरचा एक हात आणि यंदाची बेणणी, असं धरून साठेक तास चालवला असेल. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या आकाराचे बरेचसे स्लॅशर आतून एकाच साच्याचे असतात, त्यामुळे पुढचं रडगाणं तुमच्याही मशीनला लागू पडण्याची शक्यता बरीच आहे.

आधी कामाबद्दल. पाठीवरच्या ग्रास कटरने दोन गडी दोन दिवस घालवायचे तो एकराचा मोकळा भाग हा दीड-पावणेदोन तासांत साफ करतो. गवत बारीक होऊन तिथेच पसरतं, गोळा करावं लागत नाही. बुंध्याजवळचं, गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कडेचं आणि जिथे फांद्या खाली टेकल्यात तिथलं गवत अजूनही हातानेच काढावं लागतं. जुन्या कलमांखालून ट्रॅक्टर घालताना फांदी नाकावर बसते ती वेगळीच. कातळ वर आलाय तिथे पाती दगडाला लागतात, पण ती बिजागरीसारखी मागे वळणारी असल्याने अजून एकही मोडलेलं नाही. पीटीओ शाफ्टचा, म्हणजे ट्रॅक्टरची ताकद स्लॅशरला देणाऱ्या दांड्याचा, शिअर बोल्ट मात्र तीनदा तुटला. तो जास्त जोर आला की तुटण्यासाठीच असतो. आमच्याकडे काही जण वैतागून तिथे जास्त कडक बोल्ट घालतात, मग पुढच्या दगडाला बोल्ट शाबूत राहतो आणि दात जातात ते गिअरचे.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

मे महिन्यात स्लॅशर धुऊन मांगराच्या (बागेतल्या खोपीच्या) पडवीत ठेवला. पडवीत म्हणजे निम्मा आत, निम्मा बाहेर, कारण आत सिमेंटच्या गोणी होत्या. बरोबर गिअरबॉक्सच्या डोक्यावर कौलांची पागोळी. मिरगापासून सप्टेंबरपर्यंत ती धार त्या ब्रीदरवर पडत राहिली. ब्रीदर म्हणजे वरच्या बुचाला हवा जाण्यासाठी ठेवलेलं बारीक भोक, वर पत्र्याची टोपी. टोपी कधीच सैल झाली होती, माझं लक्ष नव्हतं.

नवरात्र बसलं तसा मशीन जोडून थेट गवतात घातला. दहा मिनिटांत ब्रीदरमधून पांढरट फेस बाहेर यायला लागला. बंद केलं, बाजूचं लेव्हलचं (तेलाची पातळी बघायचं) बूच सैल केलं, तर तेल आपसूक बाहेर वाहायला लागलं. क्षणभर बरं वाटलं, म्हटलं तेल भरपूर आहे. मागच्या वर्षी बरोबर पातळीपर्यंत भरलेलं तेल वाढेल कुठून, हे डोक्यात यायला दोन मिनिटं गेली. जामसंड्याहून मेस्त्री आले. बोट बुडवून बघितलं आणि म्हणाले, "अरे, ह्यां तेल नाय, ताक झालां!"

रंग अगदी दुधाच्या चहाचा. तरी तेलात पाणी शिरल्याची खात्री करायची म्हणून आईचा जुना बिडाचा तवा चुलीवर चांगला तापवला आणि त्यावर काडीने एक थेंब सोडला. निव्वळ तेल असेल तर नुसता धूर येतो. आमचा थेंब फोडणीतल्या मोहरीसारखा तडतडला. (एकच थेंब टाका, तोंड लांब ठेवा, आणि तवा आईला न विचारता घेऊ नका.)

माझी खरी चूक म्हणजे न बघता सुरू करणं. पाणी तेलापेक्षा जड, त्यामुळे चार महिने उभ्या मशीनमध्ये ते तळाला साचून राहतं. सुरू करण्याआधी वरच्या बुचातून नळी तळापर्यंत घालून थोडं ओढून घेतलं असतं, तर पाणी वेगळं निघालं असतं. गिअर फिरले की दोन्ही घुसळून एकजीव होतात आणि मग ते आपणहून वेगळं होण्याची वाट बघण्यात अर्थ नाही. सगळं तेल बदलायचं, दुसरा इलाज नाही.

पण पागोळी हे निम्मंच कारण निघालं. पाती काढून खालचा शाफ्ट बघितला तर त्याला नायलॉनचा दोरा गच्च गुंडाळलेला. आमच्या भाजीच्या वाफ्याला मासेमारीच्या जुन्या जाळ्याचं कुंपण आहे, किनाऱ्यावर सगळ्यांकडेच असतं. त्याचा तुकडा गवतात पडलेला, तो पात्याने ओढून घेतला असणार. दोरा घासून तापला, वितळला आणि ऑईल सीलच्या, म्हणजे तेल गळू नये म्हणून शाफ्टभोवती बसवलेल्या कडीच्या, रबरी ओठात घुसला. ओठाला नखाएवढी खाच. तिथून तेल थोडं थोडं गळत होतं आणि ओलं गवत कापताना पाणी, माती आत जात होती. त्यात आणखी एक गोष्ट मेस्त्रींनी सांगितली ती पटली: काम करून तापलेल्या गिअरबॉक्सवर पावसाची सर आली किंवा आपण लगेच पाण्याचा फवारा मारला, की आतली हवा एकदम थंड होऊन आकसते आणि गिअरबॉक्स जिथून जमेल तिथून पाणी शोषून घेतो. मी दर वेळी काम संपलं की लगेच धुवायचो. आता दुसऱ्या दिवशी धुतो.

तेल काढण्याचा प्रकार लिहितो, कारण पुस्तिकेत यावर फक्त "तेल तपासावे" एवढंच वाक्य आहे. माझ्या मशीनला तळाला ड्रेनचं बूच नाही, तिथून शाफ्टच बाहेर येतो. म्हणून जनावरांना औषध पाजायच्या मोठ्या सिरिंजला फवारणी पंपाची जुनी नळी जोडली आणि वरून ओढून काढलं. सव्वा लिटर तेल भरलं होतं, बाहेर आलं दीड लिटरच्या वर. ट्रॅक्टर बंद, चावी खिशात, पीटीओ शाफ्ट सोडलेला, आणि स्लॅशर उचलल्यावर खाली लाकडाचे जाड ओंडके. नुसत्या हायड्रॉलिकवर उचललेल्या मशीनखाली हात घालू नका. जांभ्याचे चिरेही लावू नका, एका कोपऱ्यावर वजन आलं की चिरा भुसा होतो.

खालचं सील काढल्यावर उरलेलं ताकही गळून गेलं. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून आत फिरवलं. करड्या मलमासारखा लगदा चिकटला, म्हणजे साधी झीज. खवले किंवा दाताचा तुकडा मिळाला असता तर गिअरबॉक्स खोलावाच लागला असता.

सील दुकानात मागताना मशीनचं नाव सांगण्यात वेळ घालवू नका, सीलवरच आकडे असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, सगळं मिलिमीटरमध्ये. मी दोन ओठांचं सील घेतलं, बाहेरचा ओठ धुळीसाठी असतो. स्प्रिंगची बाजू तेलाकडे, ओठाला ग्रीस. जुन्या सीलने शाफ्टवर बारीक चर पाडली होती, म्हणून मेस्त्रींनी नवं सील दोन मिलिमीटर अलीकडेच थांबवलं, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर बसला.

धुवायला आधी डिझेल घातलं, पण शाफ्ट फक्त हाताने फिरवला. डिझेलवर पीटीओ लावला तर गिअर कोरडेच घासतात. ते काढून बुचं उघडी ठेवून मशीन एक दिवस उन्हात. मग ईपी ९० हे घट्ट गिअर ऑईल लेव्हलच्या बुचापर्यंत, सपाट जागेवर. दुकानदार ट्रॅक्टरच्या गिअर-हायड्रॉलिकचं एकत्र ऑईलच घ्या म्हणून आग्रह करत होता. ते पातळ असतं, इथे नको. पाच तास चालवून परत बघितलं तर तेल किंचित गढूळ. कोपऱ्यांत राहिलेलं पाणी पहिल्या भरण्यात येतंच, म्हणून तेही काढून पुन्हा नवं भरलं. तीन लिटर तेल आणि दोन सील पंधराशेच्या आत. जुनं तेल डब्यात भरून गॅरेजवाल्याच्या पिंपात दिलं, बागेत विहीर आहे.

विक्रेत्याला फोन केला तेव्हा त्याने सील वॉरंटीत बसत नाही असं सांगितलं. बरं, नसेल बसत. पण मशीन देताना खालच्या शाफ्टला दोरा अडवणारी पत्र्याची वाटी का नाही, याला उत्तर नव्हतं. आम्ही ती वेल्डिंगवाल्याकडून करून घेतली, जुन्या पाइपचा कापलेला तुकडा आहे नुसता. ब्रीदरलाही वाकडी नळी लावली, तोंड खाली करून.

स्लॅशर घ्यावा का, तर सपाट बाग असेल आणि कलमांमध्ये ट्रॅक्टर वळत असेल तर घ्याच. यंदा गड्यांची वाट बघत बसलो असतो तर वाळलेलं गवत अजून उभं असतं आणि शेजारच्या सड्यावरून वणवा यायची धास्ती वेगळी. फक्त विकत घेतल्याच्या पहिल्याच दिवशी लेव्हलचं बूच उघडून बघा. आमच्या ओळखीत एकाच्या नव्या मशीनमध्ये तेल निम्मंच होतं.

दुसऱ्या भरण्यानंतर अकरा तास झालेत. तेल मधासारखं स्वच्छ आहे, खालचं सील कोरडं आहे. खालच्या बेअरिंगचा घुंई-घुंई आवाज मात्र राहिलाय, चार महिने पाण्यात उभं राहून त्याला गंज धरला असणार. आंबा उतरला की मे महिन्यात खोलणार. सिमेंटच्या गोणी हलवल्यात.