गाळाच्या समस्थानिक तपासणीसाठी ही लॅब : माझा अनुभव

मी नागपूरची, पीएचडी खाडीतल्या गाळावर. नमुने सिंधुदुर्गातल्या आचऱ्याच्या खाडीचे. थर्माकोलच्या पेटीत बर्फात ठेवून आणते आणि मे महिन्याच्या ४५ अंशांत स्टेशनवरून सरळ डीप फ्रीझर गाठते. एवढं करून आणलेला गाळ कोणाच्याही हाती द्यायला जीव होत नाही.

प्रश्न एवढाच होता : या गाळातलं सेंद्रिय द्रव्य खारफुटीच्या पानांचं किती आणि समुद्रातल्या प्लवकांचं, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांचं किती? हे डेल्टा १३ सी वरून कळतं : कार्बनच्या दोन समस्थानिकांपैकी जड कार्बन-१३ हा हलक्या कार्बन-१२ च्या मानाने किती, याचा मानकाशी तुलना करून हजारात काढलेला आकडा. प्लवकांचा तो साधारण उणे १९ ते उणे २२ असतो, खारफुटीच्या पानांचा उणे २८च्या आसपास. मागच्या वर्षी बाहेरगावच्या एका लॅबने मला उणे ११ पाठवला. असा आकडा ऊस-ज्वारीचा येतो! पंधरा दिवस मी खाडीत उसाचा पाचोळा येईल कुठून, हेच शोधत होते.

या लॅबमध्ये पेटी दिली आणि दुसऱ्याच दिवशी फोन आला. "ताई, तीन नंबरच्या पुडीत शिंपल्याचे कण दिसतायत. ॲसिड दिलंय का?" मी गेले, तर लॅबमधल्या दादांनी भिंगाखाली दाखवलं : करड्या भुकटीत पांढऱ्या बारीक कपच्या, मिठाच्या कणाएवढ्या. हायड्रोक्लोरिक ॲसिडचा एक थेंब टाकला आणि फसफसून फेस आला. शिंपल्यातल्या कार्बोनेटचा डेल्टा शून्याजवळ असतो. तो मिसळला की खरा आकडा वर सरकतो, शिवाय जास्तीच्या कार्बनमुळे कार्बन-नायट्रोजन गुणोत्तरही (पानं की प्लवक, याची दुसरी खूण) फुगतं. माझा 'ऊस' म्हणजे हे शिंपले होते.

मग त्यांनी चांदीच्या कपात गाळ भरून रात्रभर ॲसिडच्या वाफेत ठेवला. नेहमीचा टिनचा कप ॲसिडात टिकत नाही. नायट्रोजनसाठी ॲसिड न दिलेला वेगळा कप, कारण ॲसिडने थोडा नायट्रोजनही निघून जाऊ शकतो. म्हणजे एका नमुन्याला दोन रनचे, म्हणजे मशीनवरच्या दोन मोजण्यांचे पैसे. महाग पडतं, पण आधी सांगतात आणि कारणही समजावतात.

नवा आकडा उणे २५.६, गुणोत्तर १३. साध्या मिश्रणाच्या हिशेबाने दोन तृतीयांश वाटा खारफुटीचा. पण पानं कुजताना गुणोत्तर बदलतं, त्यामुळे एवढ्यावर मी थांबणार नाही. पानांवरच्या मेणातले लांब साखळीचे अल्केन (कार्बन-हायड्रोजनची संयुगं), २७, २९, ३१ कार्बन अणूंचे, बघायला हवेत. ती सोय इथे नाही.

वेळेचं मात्र सांभाळा. तीन आठवडे सांगितले, लागले पाच, आणि मध्ये कोणी कळवलं नाही. सबमिशन जवळ असेल तर हे फार जड जातं. मानकांचे, म्हणजे मशीन तपासायला वापरलेल्या ज्ञात नमुन्यांचे आकडेही रिपोर्टमध्ये नव्हते, मागितल्यावर त्याच दिवशी दिले. तुम्ही पहिल्याच दिवशी मागून ठेवा.

उरलेला गाळ परत मिळाला, प्रत्येक पुडीवर पेन्सिलीने नंबर घालून. नेताना नमुना किती सेंटिमीटर खोलीवरचा आहे ते लिहून न्या, दादा विचारतातच.