सोलापुरात भाड्याचं घर: भागाआधी हौद बघा

सोलापुरात घर दाखवताना मालक आधी हॉल दाखवतो, मग किचनच्या ट्रॉल्या. तुम्ही थेट हौदाचं झाकण उघडायला सांगा. इथे नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं, आणि किती दिवसांआड ते भागागणिक बदलतं. माणशी १३५ लिटर धरले तर चौघांना दिवसाला ५४० लिटर लागतात, म्हणजे पाच दिवसांचे २,७०० लिटर. गच्चीवर नुसती पाचशेची टाकी असेल तर पहिलाच दिवस जेमतेम निघतो. हौद किती लिटरचा, किती बिऱ्हाडांत वाटलेला, मोटार कोणाच्या मीटरवर, पाणी रात्री किती वाजता सुटतं, हे मालकाला नाही, शेजारच्या काकूंना विचारा. अपार्टमेंट असेल तर उन्हाळ्यातल्या टँकरचे पैसे मेंटेनन्समध्ये धरलेत की वेगळे, तेही.

रेल्वे लाइन्स, सात रस्ता हा स्टेशनजवळचा, भाव खाणारा भाग. दर आठवड्याला पुणे-मुंबई गाठायची असेल तरच ते भाडं वसूल होतं. एरवी जुळे सोलापूर बरं: शाळा, दवाखाने, भाजी सगळं हाताशी. खोट एकच, होटगी रोडकडे रोज जायचं असेल तर आसरा पुलावर सकाळ-संध्याकाळ अडकायची तयारी ठेवा. एनटीपीसीत, म्हणजे होटगीकडच्या वीज प्रकल्पात, नोकरी असेल तर घर पुलाच्या होटगी रोडच्या बाजूलाच घ्या, भाडं थोडं जास्त पडलं तरी.

विद्यापीठ केगावला, पुणे रोडवर. तिथल्यांना बाळे सोयीचं. शेळगी स्वस्त वाटेल, पण आदिला नदीच्या काठची गल्ली टाळा; हिप्परगा तलाव भरून सांडला की पाणी याच वाटेने येतं. तळमजल्याच्या भिंतीवर गुडघाभर उंचीपर्यंत पोपडे दिसले तर नवा रंग बघून भुलू नका.

पूर्व भागात, अशोक चौकाच्या पुढे, भाडी हलकी आणि शेजार कष्टाळू, घराघरांत तेलुगू. पण खाली किंवा शेजारी यंत्रमाग आहे का ते बघा, तेही माग बंद असतात त्या सुट्टीच्या दिवशी नको. माग चालू असताना ओट्यावर पाण्याचा पेला ठेवा. पाणी थरथरत असेल तर रात्रपाळीला झोपेचं खोबरं.

घर विकत घ्यायचं असेल तर हद्दवाढ भागात, म्हणजे महापालिकेत मागाहून आलेल्या गावांत, जास्त जपून. गुंठेवारीचा (शेतजमीन तुकड्यांनी विकलेला) प्लॉट, सामाईक सातबारा, वापर परवाना नाही, अशा घरावर बँक कर्ज देताना अडते. इसार देण्याआधी कागद बँकेच्या वकिलाला दाखवा.

भाडेकरार ११ महिन्यांचा असला तरी नोंदवावाच लागतो. मुद्रांक ०.२५ टक्के: एकूण भाड्यावर, शिवाय परतीच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी जे व्याज निघेल त्यावर. समजा भाडं ९,००० आणि डिपॉझिट ३०,०००. भाड्याचे ९९,०००, व्याजाचे २,७५०, मिळून मुद्रांक अडीचशेच्या आसपास. शहरात नोंदणी फी १,०००. एजंट याचे पाच हजार सांगू लागला तर त्याच्यापुढे हाच हिशेब मांडा.

वरच्या मजल्याचं घर सकाळी बघू नका. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. संध्याकाळी सातला जाऊन पश्चिमेच्या भिंतीवर तळहात टेकवा. चटका बसला तर पंखा रात्रभर गरम हवाच फिरवणार. कूलरचं पाणी पुन्हा त्याच हौदातून.