आधी झिरोचा बल्ब बदला

घरातले दिवे बदलायचं ठरलं की बहुतेकांची नजर आधी हॉलकडे जाते. माझं सांगणं आहे, आधी देवघर आणि पॅसेज बघा. तिथे रात्रभर जळणारा 'झिरो'चा रंगीत बल्ब नावालाच झिरो असतो. तो १२ ते १५ वॉट वीज घेतो. रोज दहा तास जळणारा १५ वॉटचा बल्ब वर्षाला जवळपास ५५ युनिट खातो. त्याच होल्डरमध्ये अर्ध्या वॉटचा एलईडी लावला तर वर्षभरात दोन युनिटही होत नाहीत. दिव्याचे वॉट आणि तो जळतो ते तास, यांचा गुणाकार मीटरवर पडत असतो.

आता साधारण सारखाच उजेड देणारे तीन दिवे शेजारी ठेवू: ६० वॉटचा जुना पिवळा बल्ब, १४ वॉटचा सीएफएल (वळणदार नळीचा दिवा) आणि ९ वॉटचा एलईडी. रोज पाच तास लावले तर वर्षाला अनुक्रमे ११०, २६ आणि १६ युनिटं जातात. युनिटला ८ रुपये धरले तर ८८०, २०८ आणि १२८ रुपये. महाराष्ट्रात घरगुती बिल टप्प्याटप्प्याने चढतं, त्यामुळे वाचलेली युनिटं तुमच्या सर्वांत महाग टप्प्यातून कमी होतात.

पिवळा बल्ब विकत घेताना स्वस्त, पण त्याची बहुतेक वीज उष्णतेत जाते आणि साधारण १,००० तासांत त्याची तार तुटते. सीएफएल वीज वाचवतो, पण त्यात थोडा पारा असतो. घरात चालू असेल तर जाईपर्यंत वापरा. नवा मात्र घेऊ नका. फुटलाच तर खिडक्या उघडा आणि तुकडे झाडूने न लोटता जाड पुठ्ठ्याने उचला. २०१५ मध्ये स्वस्तात एलईडी देणारी केंद्राची 'उजाला' योजना आली आणि एलईडी सगळ्यांच्या आवाक्यात आला, तेव्हा किमतीची अडचणही आता उरलेली नाही.

ट्यूबलाइटचं काय, हा प्रश्न हमखास येतो. ३६ वॉटची ट्यूब तांब्याच्या चोकसकट ५० वॉटच्या आसपास जाते. २० वॉटची एलईडी पट्टी लावली तर रोजच्या पाच तासांत वर्षाला साधारण ५५ युनिटं वाचतात, चोकची घरघर थांबते आणि व्होल्टेज कमी असताना स्टार्टर फिरवत बसावं लागत नाही. स्वयंपाकघरात तर मी पट्टीच सुचवेन. आमच्याकडे ओट्यापाशी उभं राहिल्यावर पाठीमागे येणाऱ्या भिंतीवर एकच बल्ब होता. तांदूळ निवडताना आईची स्वतःचीच सावली ताटात पडायची आणि खडे राहून जायचे. ओट्याच्या वर, समोरच्या बाजूला पट्टी लावल्यावर ताट लख्ख दिसू लागलं.

रंगाचाही विचार करा. खोक्यावर ६५०० केल्विन असेल तर उजेड पांढराशुभ्र असतो, तो ओट्याला आणि अभ्यासाच्या टेबलाला चांगला. झोपायच्या खोलीत २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर उजेडच डोळ्यांना बरा वाटतो. सगळ्या घराला एकच रंग आणू नका.

खरेदी करताना वॉटऐवजी ल्युमेन, म्हणजे उजेडाचं माप, वाचा. ९ वॉटच्या चांगल्या बल्बवर ९०० च्या आसपास आकडा असतो. बिननावाचा बल्ब घेऊ नका. एलईडी 'गेला' असं आपण म्हणतो तेव्हा बहुधा आतला ड्रायव्हर, म्हणजे दिव्याला हवी तशी वीज पुरवणारं सर्किट, गेलेला असतो, आणि स्वस्त मालात काटकसर तिथेच होते. बंद काचेच्या गोळ्यात उष्णता कोंडते, तिथेही तो लवकर जातो. लावताना मार्करने बल्बवर तारीख टाका आणि बिल जपून ठेवा, म्हणजे गॅरंटीत बदलून मागता येतो.

माळ्यावरचा, दिवसाकाठी पाच मिनिटं लागणारा बल्ब राहू द्या. पण नवा एलईडी बटण बंद केल्यावरही मंद मिणमिणत राहिला तर वायरमनला बोलवा. बटण फेजऐवजी (वीज आणणाऱ्या तारेऐवजी) न्यूट्रलवर (परतीच्या तारेवर) बसवलेलं असू शकतं, आणि तसं असेल तर बंद दिव्याच्या होल्डरमध्येही करंट असतो.