न्यायाधीशाची सही की खासदारांची समिती? एका पानाच्या निवेदनात काय मागायचं

म्हापशाच्या एका अभ्यासमंडळातल्या मुलांचा गेल्या आठवड्यात फोन आला. गुप्तचर यंत्रणांचा राजकीय वापर थांबावा, अशा अर्थाचं निवेदन ती खासदारांना देणार आहेत आणि मागणी एकच लिहायची ठरली आहे. "काका, दोनांतली कुठली?" दोन म्हणजे, पाळत ठेवण्याआधी न्यायाधीशाची परवानगी सक्तीची करा, किंवा या यंत्रणांचा कारभार बघणारी संसदेची कायमची समिती नेमा.

आमच्या फोंड्याच्या पाच जणांच्या गटाने दोन वर्षांपूर्वी हेच केलं होतं. तेव्हाही पान एकच होतं. दोन मागण्या लिहिल्या की दोन्ही राहून जातात, असं एका अनुभवी माणसाने आधीच बजावलं होतं. तीन संध्याकाळी आम्ही भांडलो, चहाच्या किटल्या रिकाम्या केल्या आणि शेवटी एक मागणी उरली. कुठली, ते पुढे येईलच. मी काही या विषयातला तज्ज्ञ नव्हे; वाचलेलं आणि थोडं भोगलेलं, एवढंच भांडवल.

आयबी (देशातली गुप्तचर यंत्रणा) काय करते, रॉ (परदेशातली माहिती आणणारी) कुणाच्या हाताखाली, हे इथे सांगत बसत नाही. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. आयबीचं मूळ १८८७ सालच्या इंग्रजी अमदानीत आहे, रॉ १९६८ सालची, आणि दोघींपैकी एकीच्याही पाठीशी संसदेने केलेला स्वतंत्र कायदा नाही. कायदाच नसल्यामुळे मर्यादा ठरलेली नाही, आणि ठरलेलीच नसल्यामुळे ती कधी मोडतही नाही!

आधी न्यायाधीशाची बाजू घेतो, कारण ती ऐकायला फार गोड लागते. आपल्याकडे फोन ऐकायचा हुकूम गृहसचिव काढतात. तो बरोबर होता की नाही हे कोण बघतं? केंद्रात कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखालची समिती, राज्यात मुख्य सचिवांची. म्हणजे एका सचिवाची सही दुसरा सचिव तपासणार. १९९६ च्या डिसेंबरात फोन टॅपिंगच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर मागणी हीच होती की आधी न्यायालयाची परवानगी लागावी. न्यायालयाने इतर बंधनं घातली, पण हे मान्य केलं नाही. त्या बंधनांचे २००७ साली नियम झाले, २०२४ च्या डिसेंबरात नवे नियम आले. सही करणारे सचिवच राहिले. २०१७ साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तरी ही व्यवस्था काही हलली नाही. तेव्हा न्यायाधीश मागणाऱ्यांचं म्हणणं खोटं नाही. कर्नाटकात रामकृष्ण हेगडे यांना १९८८ मध्ये फोन टॅपिंगच्या प्रकरणावरून मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं, त्यावरून हे हत्यार राजकारण्यांच्या हाताला किती सहज लागतं ते दिसतं.

ब्रिटनने २०१६ च्या कायद्यात दुहेरी कुलूप घातलं. मंत्र्याने सही करायची, मग न्यायिक आयुक्ताने ती मान्य करायची, तेव्हा कुठे पाळत सुरू. अमेरिकेत तर यासाठी १९७८ पासून खास न्यायालय आहे. कागदावर याहून चांगलं काय असणार?

आमच्या गटातले एक निवृत्त वकील याच बाजूचे होते. मीही अर्धा त्यांच्याकडे झुकलो होतो. झुकलेला माणूस परत सरळ झाला तो एका वहीमुळे.

गोष्ट २००६ च्या शेवटाची. गोव्यातली जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणाऱ्या 'प्रादेशिक आराखडा २०११' वरून गोवा पेटला होता आणि गावोगाव सभा चालल्या होत्या. आमच्याकडची सभा देवळाच्या अग्रशाळेत. साठ-सत्तर माणसं, प्लास्टिकच्या खुर्च्या, एक पंखा, तोही वक्त्यांच्या बाजूला वळवलेला. शेवटच्या रांगेत अनोळखी गृहस्थ बसले होते. पांढरा हाफ शर्ट, पायात सँडल, मांडीवर शाळेतल्या मुलांची असते तशी लांब वही. बोलायला उभा राहील त्याचं नाव ते लिहून घेत होते. लपूनछपून काही नाही. माझं बोलून झालं, मी खाली बसलो, तेवढ्यात ते शांतपणे उठून माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "बाब, आडनांवाचें स्पेलिंग कितें?"

मी सांगितलं. काय करणार! माणूस सभ्य होता, 'देव बरें करूं' म्हणून परत जागेवर जाऊन बसला. लोक आपसात 'सीआयडी' म्हणून हसले. जानेवारी २००७ मध्ये सरकारने आराखडा मागे घेतला, सभा संपल्या, पण ती वही कुठे गेली हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. माणूस कुणी पाठवला? आराखड्याला विरोध करणाऱ्यांची नावं नेमकी कुणाला हवी होती, पोलिसांना की आराखड्याच्या बाजूच्या कुणाला?

गोव्याने माहितीच्या हक्काचा स्वतःचा कायदा १९९७ सालीच केला होता आणि तोवर केंद्राचाही आला होता, त्यामुळे मी मोठ्या उमेदीने अर्ज टाकला. कचेरीचं नाव घेत नाही. उत्तर दीड ओळीचं आलं: कलम २४ खाली ही माहिती वगळलेली आहे. अपील केलं. तेच दीड ओळीचं उत्तर, या वेळी तारीख बदलून. त्या कलमात भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांच्या भंगाचे आरोप अपवाद म्हणून ठेवले आहेत, पण स्पेलिंग विचारणं हा काही हक्कभंग नव्हे.

आता ही वही न्यायाधीशापुढे धरून बघा. तिला परवानगी लागते का? नाही. फोन ऐकला नाही, पत्र फोडलं नाही, घरात कुणी शिरलं नाही. उघड्या सभेत एक माणूस बसला आणि लिहून गेला. परवानगीची व्यवस्था कितीही कडक करा, ही वही त्या दारातून जातच नाही. सत्तेवर बसलेल्यांना यंत्रणांकडून जे हवं असतं, त्यातलं बरंचसं या वहीच्या जातीचं असतं: कोण कुणाला भेटलं, कुठल्या मतदारसंघात वारं कसं आहे, विरोधकांच्या बैठकीत काय शिजलं.

राजीव गांधींच्या काँग्रेसच्या पाठिंब्यावर उभं असलेलं चंद्रशेखर यांचं सरकार आठवा. मार्च १९९१ मध्ये ते कशावरून कोसळलं? राजीव गांधींच्या घराबाहेर हरियाणाचे दोन हवालदार पाळतीवर सापडले, एवढ्यावरून. फुटपाथवर उभं राहायला कुठल्या न्यायाधीशाची सही लागते?

दुसरा प्रकार आणखी अवघड. यंत्रणेने माहिती प्रामाणिकपणे आणली, पण ती वर चढता चढता साहेबांना आवडेल अशी झाली. २००२-०३ साली इराकच्या घातक शस्त्रांबद्दल अमेरिका आणि ब्रिटनमध्ये हेच झालं. जिथे 'असू शकेल' म्हणायला हवं होतं तिथे 'आहे' म्हटलं गेलं, आणि त्यावर युद्ध झालं. अहवालातलं क्रियापद बदलायला वॉरंट लागत नाही.

बरं, जिथे वॉरंट लागतं तिथे तरी न्यायाधीश पुरतो का? अमेरिकेतल्या त्या खास न्यायालयापुढे सुनावणी बंद दाराआड असते आणि साधारणपणे एकच बाजू हजर असते. २०१३ मध्ये अमेरिकी पाळतीची गुपितं फोडणाऱ्या स्नोडेनने जो पहिला कागद बाहेर काढला तो याच न्यायालयाचा हुकूम होता, एका टेलिफोन कंपनीने गिऱ्हाइकांच्या कॉलची नोंद रोजच्या रोज द्यावी असा. म्हणजे लाखो लोकांवर एक सही. पुढे २०१९ च्या डिसेंबरात अमेरिकेच्याच न्याय खात्याच्या महानिरीक्षकाने कार्टर पेज या माणसावरच्या पाळतीचे अर्ज तपासले, तर त्यांत १७ ठळक चुका आणि गाळलेल्या गोष्टी निघाल्या. न्यायाधीशांनी अर्ज वाचले नव्हते असं नाही. समोर मांडलेलं वाचलं. जे मांडलंच नव्हतं ते कुठून वाचणार?

आपल्याकडेही पेगॅसस या फोनमध्ये शिरणाऱ्या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरच्या प्रकरणात ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तांत्रिक समिती नेमली. २९ फोन तपासले, पाचांत काहीतरी घातक सापडलं, पण ते पेगॅससच होतं असं ठामपणे सांगता आलं नाही. सरकारने सहकार्य केलं नाही, हेही त्या समितीने नोंदवलं. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाची समिती, आणि उत्तर जवळजवळ माझ्या दीड ओळीसारखंच. वकीलसाहेबांनी त्या संध्याकाळी चष्मा काढून पुसला आणि विषय बदलला.

संसदेची समिती म्हटली की मला १९७५ सालची अमेरिकेची सिनेट आठवते. फ्रँक चर्च या सिनेटरच्या अध्यक्षतेखालच्या समितीने विचारलेला प्रश्न 'परवानगी होती का' एवढाच नव्हता; 'तुम्ही इतकी वर्षं करत काय होता' हा होता. फरक इथेच आहे. सीआयए वीस वर्षं न्यूयॉर्कमध्ये सोव्हिएत युनियनला जाणारं-येणारं टपाल फोडत होती, दोन लाखांहून जास्त पत्रं. खुद्द चर्च यांनी सासूबाईंना लिहिलेलं पत्रही त्यांत निघालं! एफबीआय मार्टिन ल्यूथर किंग यांना निनावी पत्र पाठवून छळत होती, तेही बाहेर आलं. आणि गंमत अशी की ज्या खास न्यायालयाचं वर सांगितलं, ते याच चौकशीतून तीन वर्षांनी जन्माला आलं. आधी वही उघडणारा आला, सही करणारा मागून. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

आपल्याकडे आणीबाणीनंतर शहा आयोग बसला, आयबी आणि सीबीआयच्या गैरवापराकडे बघायला एल. पी. सिंग समितीही नेमली. आयोगाने १९७८ मध्ये तीन अहवाल दिले, १९८० मध्ये सरकार बदललं आणि सगळं बासनात गेलं. आयोग मुदतीचा असतो, हे त्याचं दुखणं. २०१० मध्ये उपराष्ट्रपती हमीद अन्सारी यांनी, तेही रॉचे संस्थापक काव यांच्या स्मृतिव्याख्यानात, संसदेची स्थायी समिती हवी असं सांगितलं. २०११ मध्ये खासदार मनीष तिवारी यांनी याच विषयावर खासगी विधेयक (म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराने मांडलेलं) आणलं. स्वातंत्र्यापासून खासगी विधेयकं मंजूर झाली ती १४, शेवटचं १९७० मध्ये. तेव्हा त्या विधेयकाचं काय झालं ते वेगळं सांगायला नको. (म्हणून निवेदनात 'खासगी विधेयक मांडा' असं लिहू नका. सरकारला प्रश्न विचारा, असं लिहा.)

समितीतही खोट आहे, ती झाकत नाही. खासदार शेवटी पक्षाचे. बहुमत सरकारी बाकांवरचं असेल तर समिती म्हणजे सासऱ्याच्या भांडणात जावई पंच. ब्रिटनच्या संसदेच्या अशाच समितीने रशियाच्या हस्तक्षेपावरचा अहवाल ऑक्टोबर २०१९ मध्ये पंतप्रधानांकडे दिला, तो प्रसिद्ध झाला जुलै २०२० मध्ये. मधे निवडणूक होऊन गेली. गुपितं फुटतील ही भीतीही आहे, जरी माझ्या समजुतीप्रमाणे ती जितकी सांगितली जाते तितकी नसावी.

या खोटीवर आम्हाला उतारा सापडला तो, कुणाला हसू येईल, पोर्तुगालमध्ये. आमच्या वडिलांच्या पिढीला पीडे हे नाव उच्चारायचं तर आवाज खाली करावा लागे. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याची ती राजकीय पोलीस. इथल्या पोलिसांतला आजेंत मोंतेरो तर लोकांना नुसत्या नावाने घाम फोडायचा. तोच काझिमिरो मोंतेरो पुढे पीडेत गेला आणि १९६५ मध्ये सालाझारचे विरोधक जनरल देल्गादो यांच्या खुनात त्याचा हात होता. तिंट्यावर (बाजारात) बोलताना बाबा आधी मागे बघायचे, ती सवय १९६१ नंतरही कितीतरी वर्षं गेली नाही. अशी यंत्रणा भोगलेल्या देशाने १९७४ च्या क्रांतीनंतर ती मोडली, आणि १९८४ साली नव्या गुप्तचर सेवांसाठी कायदा केला तेव्हा त्यांच्यावर देखरेख करणारं मंडळ संसदेने दोन तृतीयांश मतांनी निवडावं अशी अट घातली. विरोधी पक्षाला सोबत घेतल्याशिवाय मंडळच बनत नाही. साधी युक्ती, पण ज्यांनी मागे वळून बघत दिवस काढले त्यांनाच सुचावी अशी.

तर आम्ही लिहिलं ते असं: संसदेची स्थायी समिती, सदस्यांना दोन तृतीयांश मतं आवश्यक, स्वतःचे कर्मचारी, आणि फाइल मागवून बघण्याचा हक्क. शेवटचे चार शब्द गाळू नका. त्यांच्याशिवाय समिती नुसती चहा-बिस्किटांची.

तुमच्या मंडळात फोन चोरून ऐकले जाणं हाच ज्याच्या त्याच्या जिवाचा प्रश्न असेल, पत्रकार किंवा वकील जास्त असतील, तर न्यायाधीश मागा. ती मागणी चुकीची नाही आणि खासदारांना समजायलाही सोपी आहे. मी मात्र शेवटच्या रांगेतला तो माणूस विसरू शकत नाही. त्याला 'तुला कुणी पाठवलं' असं विचारण्याचा अधिकार कुणाला तरी हवा, आणि तो मला समितीतच दिसतो.

वकीलसाहेबांनी सही केली, पण 'नाराजीने' असं पेन्सिलीने लिहून.

आमच्या निवेदनाची प्रत मुलांना पाठवली आहे. मजकूर तसाच घेतला तरी चालेल. फक्त वरच्या बाजूला खासदारांच्या आडनावाचं स्पेलिंग आमच्याकडून चुकलं होतं, तेवढं तपासून घ्या.